आधी आडवं, मग उभं

सरळ रेषेवर इतका जीव असलेली बाई साऱ्या नागपूर जिल्ह्यात दुसरी नसेल, आणि ती नेमकी माझ्या बायकोची मावशी निघाली. कुणाला सोन्याचा सोस असतो, कुणाला सिरियलींचा, कुणाला शेजारच्या घरात आज काय शिजतंय याचा. आमच्या मावशींना आलेखाचा आहे. आलेख म्हणजे तोच, गणिताच्या तासाला चौकटींच्या कागदावर काढायचा. एक आडवी रेघ, एक उभी रेघ, मग चारदोन ठिपके आणि त्यांच्यातून पट्टीनं ओढलेली तिसरी रेघ. तुम्हीआम्ही तो दहावीच्या पेपराबरोबर बोर्डाला कायमचा परत करून मोकळे झालो. मावशींनी तो आजतागायत हातातून खाली ठेवलेला नाही.

त्या नरखेड तालुक्यातल्या एका गावी हायस्कुलात गणित शिकवायच्या. गावाच्या तीन बाजूंना संत्र्या-मोसंबीच्या बागा आणि शाळेत आलेखाच्या कागदांचा कायमचा तुटवडा. यावर मावशींनी जो तोडगा काढला तो त्या भागात अजून सांगतात. बागेत झाडं आडव्या-उभ्या ओळींत सारख्या अंतरावर लावलेली असतात. मावशींनी कोपऱ्यातली विहीर हा आरंभबिंदू धरला, तिथून निघणारी झाडांची आडवी ओळ म्हणजे क्ष-अक्ष, उभी ओळ म्हणजे य-अक्ष, आणि नववीचा अख्खा वर्ग बागेत सोडला. ज्याच्या वाट्याला तीन आणि चार आले, त्यानं विहिरीपासून तीन झाडं आडवं जायचं, मग चार झाडं आत शिरायचं आणि तिथल्या झाडाला चिंधी बांधायची. साऱ्या चिंध्या एका रेषेत दिसल्या की समीकरण सुटलं. बागेचा मालक मावशींचा दूरचा भाऊ लागत होता म्हणून एक वर्ष हे सुरळीत चाललं. पुढच्या वर्षीच्या पोरांनी चिंध्या बांधण्याऐवजी नेमून दिलेल्या झाडाचं संत्रं तोडून खूण करायला सुरुवात केली. मालक तक्रार घेऊन शाळेत आला तेव्हा सबंध वर्गाच्या हाताला सालीचा वास येत होता. हेडमास्तरांनी जाब विचारला, तर मावशींनी शांतपणे सांगितलं की पोरांनी उत्तरं अगदी बरोबर काढली, फक्त खाऊन टाकली.

माझी आणि त्यांची पहिली भेट मी मुलगी पाहायला गेलो तेव्हाची. हातात पोह्यांची बशी, समोर मुलीचे वडील, काका, मामा, आणि कोपऱ्यातल्या खुर्चीत या. सगळ्यांनी नोकरी, गाव, भावंडं वगैरे विचारून घेतलं. मावशींनी विचारलं, दोन रेषा समांतर असल्या तर त्यांचं काय होतं. माझ्या वडिलांना वाटलं, बाई रेल्वेत असावी. मी म्हणालो, भेट होत नाही. मावशींनी मान डोलावली आणि लगेच दुसरा प्रश्न टाकला, की एकावर एक पडल्या तर? मी पोहे गिळले आणि सांगितलं की हे मला येत नाही. मावशी मुलीच्या वडिलांकडे वळल्या.

"पोरगा चालते. येत नाही तं येत नाही म्हणते."

माझं लग्न या एका वाक्यावर जमलं. पुढे विहारात लग्न लागलं, लोक भेटायला रांगेनं येऊ लागले. मावशी समोर आल्या तशी आम्ही दोघंही वाकलो. त्या माझ्या कानाशी येऊन म्हणाल्या की एकावर एक पडल्या तर अनंत उकली असतात, जवाईबापू, ध्यानात ठेवा; आणि जेवायला निघून गेल्या. आशीर्वाद द्यायचा राहिला तो राहिलाच.

निवृत्त झाल्यावर त्या मुलाकडे नागपुरात बेसाला राहायला आल्या. मुलगा विमानतळाजवळच्या मिहानमधल्या एका कंपनीत, त्याच्या पाळ्या सारख्या बदलत्या. फ्लॅट आमच्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर. म्हणजे मावशींचा मुक्काम तिथे आणि वावर आमच्याकडे. आल्या आल्या त्यांनी कॉलनीतल्या माणसांना गणितातली नावं देऊन टाकली. त्यांचं म्हणणं असं की मुलांना गणित अवघड जात नाही, शब्द अवघड जातात. शब्द हा माणसासारखा असतो, आधी ओळख करून द्यावी लागते. त्यांचा मुलगा आज सकाळी, उद्या रात्री, कधी घरी सापडेल याचा नेम नाही, म्हणून तो 'चल'. कॉलनीचे सेक्रेटरी दिवसभर गेटजवळ प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेले असतात. जग बदललं तरी हे जिथल्या तिथे, म्हणून ते 'स्थिरपद'. सेक्रेटरींच्या कानावर हे गेलं तेव्हा आम्ही धास्तावलो होतो. पण सरकारी नोकरीत आयुष्य गेलेल्या त्या माणसाला स्थिरपद म्हणजे कायमची पोस्ट वाटली, आणि ते मावशींना गेटवर उठून नमस्कार करू लागले. आमच्या घरात बायको ही 'स्वतंत्र चल' आणि मी 'परतंत्र चल'. कुणी मला विचारलं की रविवारी येता का, तर मावशी मध्येच सांगायच्या, आधी क्षची किंमत विचारा, मग यची काढता येईल. आणि हे त्या माझी चेष्टा म्हणून नव्हे, व्याख्या म्हणून सांगायच्या.

त्यांचा मूलमंत्र एकच, आधी आडवं मग उभं. बिंदूची जागा सांगताना आधी क्ष सांगायचा, मग य. हा क्रम मोडला तर त्यांच्या जिवाचा संताप होतो. एकदा मुलानं फोनवरून पाटवडी-रस्सा मागवला आणि पत्ता सांगायचं काम मावशींवर आलं. पाचव्या मजल्यावरचं तिसरं दार. मावशींनी डिलिव्हरीवाल्याला सांगितलं, "तीन, स्वल्पविराम, पाच." तो बिचारा तिसऱ्या मजल्यावरच्या पाचव्या दारात गेला. तिथे नुकतेच पाहुणे येऊन बसले होते. घरच्यांना वाटलं पाहुण्यांनी आणलं, पाहुण्यांना वाटलं घरच्यांनी मागवलं, आणि दोघांनी मिळून ते आवडीनं संपवलं. आम्ही हळहळत होतो. मावशींचा चेहरा मात्र उजळला होता. इतकी वर्षं त्या मुलांना सांगत होत्या की क्रमित जोडीत क्रम चुकला तर माणूस भलत्याच ठिकाणी पोचतो, आणि आज त्याचा पुरावा रस्श्यासकट मिळाला होता. त्या खाली गेल्या, डिलिव्हरीवाल्याला गेटवर गाठलं आणि जमिनीवर दोन अक्ष काढून त्याला सगळं समजावून दिलं. तो हेल्मेट काखेत धरून ऐकत होता. जाताना म्हणाला, मावशी, हे शाळेत असं कुणी सांगितलंच नाही. सेक्रेटरींनी फरशीवरचे अक्ष पुसायला लावले.

पण मावशींना खऱ्या अर्थानं पाहायचं तर स्कूटरवर, माझ्या मागे बसलेल्या. आमच्या नागपुरात आता जिकडे जावं तिकडे उड्डाणपूल. मावशी एका हातानं पदर आणि दुसऱ्यानं माझा खांदा धरून बसतात आणि पूल लागला की मागून मोठ्यानं सांगतात, "धन चढ." वर पोचलो की "शून्य." उताराला लागलो की "ऋण." सिग्नलला शेजारचा स्कूटरवाला वळून बघतो. त्यालाही त्या सांगतात, की तुझ्या पुलाचा चढ आमच्याहून जास्त होता गा, एवढा जोरात नको येऊ. एकदा वर्धा रोडच्या बाजूला खोदकामाच्या खड्ड्यात आमची स्कूटर पुढच्या चाकावर उभी राहिली. मी घाबरून विचारलं, मावशी, लागलं का. त्या माझ्या पाठीवर रेललेल्या अवस्थेत म्हणाल्या की उभ्या रेषेचा चढ सांगता येत नाही, जवाईबापू, त्याची व्याख्याच नाही.

हे असं मजेत चाललेलं असताना आमची रेणू नववीत गेली, आणि घरात गणितानं तोंड वासलं.

रेणू आमची एकुलती मुलगी. शाळा सेमी-इंग्रजी, म्हणजे इतिहास मराठीत आणि गणित इंग्रजीत. ती व्हेरिएबल, कोइफिशंट, ओरिजिन हे शब्द पाठ केलेल्या कवितेसारखे म्हणायची आणि त्यांच्या आत काही असतं हे तिला ठाऊकच नव्हतं. पहिल्या चाचणीत तिनं आलेखाचा प्रश्न कोरा सोडला. दुसऱ्या चाचणीच्या सकाळी तिला उलटी झाली. आम्हाला वाटलं बाहेरचं काही खाल्लं. तिसऱ्या वेळी पुन्हा तेच झालं तेव्हा बायको समजली. रेणू रडली नाही, भांडली नाही; आपल्याला डोकं नाही हे तिनं ठरवून टाकलं होतं, आणि जशी एखाद्याची उंची ठरलेली असते तशा आवाजात ती ते सांगायची. त्या आवाजाची मला भीती वाटली.

मावशी कामाला लागल्या. त्यांनी रेणूला प्रत्येक शब्दाची ओळख करून दिली. कोइफिशंट म्हणजे सहगुणक, क्षच्या हाताला धरून चालणारा, त्याला गुणणारा. तो मोठा असला की रेषा उभी होत जाते, लहान असला की आडवी पडते. ओरिजिन म्हणजे आरंभबिंदू; कुठेही हरवली तरी तिथं परत ये, तिथून सगळ्यांचे पत्ते सापडतात. रेणू ऐकायची, हो म्हणायची, आणि कागद समोर आला की तिचा हात थांबायचा. आणि मग आमच्या लक्षात आलं की कागद समोर आला की मावशींचाही हात थांबतो. त्या कागद नाकाशी नेत. तिरका धरत. चौकटी मोजताना बोट घसरे. एकदा त्यांनी बिंदू चुकीच्या चौकटीत दिला, आणि रेणूनं तो हळूच खोडून बरोबर जागी दिला.

मी त्यांना डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेलो. डॉक्टर भले होते. त्यांनी पडद्याचा फोटो दाखवून सांगितलं की नजरेचा मधला भाग झिजत चाललाय. कडेचं दिसत राहील, मधलं धूसर होत जाईल. इंजेक्शनांनी वेग कमी करता येईल, गेलेलं परत आणता येणार नाही. मावशींनी फक्त एकच विचारलं, की वेग सारखाच राहील का कमीजास्त होईल. डॉक्टर म्हणाले, ते सांगता येत नाही. म्हणजे सरळ रेषा नाही, असं मावशी स्वतःशीच म्हणाल्या.

परत येताना त्या मागे गप्प बसून होत्या. पूल लागला. मी वाट पाहिली. खांद्यावरचा हात तसाच, पण आवाज नाही. मग मीच ओरडलो, "धन चढ." माझा मलाच आवाज विचित्र वाटला. वर पोचल्यावर म्हणालो, "शून्य." तरी काही नाही. खाली बेसाकडचे नवे मनोरे, क्रेन, मध्येच उरलेली एखादी कपाशीची पऱ्हाटी दिसत होती आणि आम्ही उतरायला लागलो होतो. पुढचा शब्द न म्हणता मी नुसता ब्रेक दाबत राहिलो. तेव्हा मागून पाठीवर दोन बोटं टकटक वाजली.

"ऋण म्हणा ना जी. उतरून नाही राहिलो का आपण?"

मी म्हणालो, ऋण. आणि आम्ही दोघंही हसायला लागलो, इतके की मला स्कूटर कडेला घ्यावी लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या आमच्याकडे आल्या त्या तयारी करूनच. म्हणाल्या, बारीक चौकटी दिसत नाहीत ना, मग चौकटी मोठ्या करू. कॉलनीच्या मागे एक मोकळा प्लॉट होता. मालक पुण्याला, पोरं तिथे क्रिकेट खेळायची. मावशींनी त्या सबंध प्लॉटवर चुन्यानं आलेखाचा कागद आखायचं ठरवलं होतं, आणि आखणारा मी होतो. मी म्हणालो, सेक्रेटरी परवानगी देणार नाहीत. आणि खरोखरच सेक्रेटरींनी खुर्चीतूनच नाही म्हटलं. चुना उडेल, कुणाचा पाय मुरगळेल, पायंडा पडेल. मावशी त्यांच्यापुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि अगदी मनापासून म्हणाल्या की स्थिरपदाशिवाय समीकरण पुरं होत नाही. तुम्हीच नसाल तर साऱ्या रेषा आरंभबिंदूतूनच जातील, त्यात काय मजा. सेक्रेटरींना त्यातलं काही कळलं असेल असं वाटत नाही. पण आपल्यावाचून काहीतरी अडतंय हे त्यांना कळलं. त्यांनी चुन्याचं पोतं स्वतःच्या स्कूटरवर आणून दिलं.

शनिवारभर मी दोरी धरून रेघा मारत होतो. मावशी आरंभबिंदूवर खुर्ची टाकून बसल्या होत्या. डोळे मधून धूसर झाले तरी कडेनं त्यांना माझा वाकडेपणा बरोबर दिसत होता. लांबून ओरडायच्या, "जवाईबापू, ती रेघ लाजून राहिली का? सरळ करा जी." संध्याकाळी पाहिलं तर मातीवर पांढरीशुभ्र जाळी पसरली होती, मध्ये दोन जाड अक्ष, आणि त्यांनी पाडलेल्या चारी चरणांत पुरून उरतील इतक्या चौकटी. गॅलऱ्यांमधून बायका बघत होत्या. कॉलनीत अशी गंमत नवरात्रातही होत नसे.

रेणू म्हणाली, मी येणार नाही. मावशींनी तिला समजावलं नाही. एवढंच म्हणाल्या की मला पोरांचे चेहरे ओळखू येत नाहीत, कोण कुठे उभं आहे हे तू नुसतं सांग. यावर रेणूला नाही म्हणता येईना.

रविवारी विहारातली वंदना आटोपून कॉलनीतली मुलं थेट प्लॉटवर आली. थंडीचे दिवस, अंगात स्वेटर, तोंडातून वाफ. मावशींनी दोन गट केले. पहिल्या गटाचं समीकरण, क्ष अधिक य बरोबर आठ. दुसऱ्याचं, य बरोबर क्ष वजा दोन. प्रत्येकाला एकेक क्ष वाटून दिला. आधी आडव्या अक्षावर आपल्या आकड्यापाशी जायचं, मग डोक्यात हिशेब करून यच्या किमतीइतकं उभं चालायचं. अधिक आला तर वर, उणे आला तर खाली. पळापळ सुरू झाली. कुणी बोटं मोजतंय, कुणी चौकटींवरून लंगडी घालत चाललंय. पाहता पाहता पहिला गट वरून खाली तिरका उभा राहिला, आणि गॅलरीतून कुणाची तरी आई म्हणाली, अगं बाई, रेघ झाली. खरंच रेघ झाली होती. स्वेटर घातलेली, नाक पुसणारी, जिवंत रेघ.

दुसऱ्या गटात एक मूल कमी पडलं. उणे एक हा क्ष उरला होता. मावशी म्हणाल्या, रेणू, जा वं. रेणूनं आमच्याकडे पाहिलं. बायकोनं माझा हात घट्ट धरला. रेणू आरंभबिंदूच्या डावीकडे एक चौकट गेली, थांबली, ओठ हलवले, आणि एक चौकट खाली उतरून उभी राहिली.

दुसरा गटही सरळ उभा होता. फक्त टोकाला रेणू रेषेच्या बाहेर, दोन चौकटी वर, एकटी. उणे एकातून दोन वजा करताना ती गडबडली होती. चारदोन मुलं हसली. मावशींनी विचारलं, काय झालं. कुणी सांगेना. त्यांनी पुन्हा विचारलं, काहून हसून राहिले गा? त्यांना दिसत नव्हतं, हे त्या क्षणी सगळ्यांना कळलं, आणि हसू थांबलं. मी पुढे होणार होतो. बायकोनं हात सोडला नाही.

तेव्हा रेणू बोलली. "मावशीआजी, मी रेषेच्या बाहेर आहे."

मावशींनी आवाजाच्या दिशेनं मान वळवली. "बरं झालं. रेषेतल्या पोरायले रेषा दिसत नाही, त्यायले फक्त पुढच्याचं डोकं दिसते. तुले पुरी दिसत असन. मले सांग बरं, कशी जाऊन राहिली?"

रेणूनं रेषेकडे पाहिलं. मला वाटतं, त्या वर्षात पहिल्यांदाच तिनं आलेखाकडे न घाबरता पाहिलं. ती सांगू लागली, आधी पुटपुटत, मग मोठ्यानं. एक पाऊल उजवीकडे गेलं की एक पाऊल वर चढते. म्हणजे डावीकडे आलं की एक पाऊल खाली. शून्याच्या खाली दोनवर एक मुलगा आहे. त्याच्या डावीकडे मी. म्हणजे मी... ती थांबली. मग ती चालायला लागली, दोन चौकटी खाली, आणि पाय रोवून उभी राहिली. "उणे तीन," ती म्हणाली. "उणे एक वजा दोन, उणे तीन. आजी, मी आले रेषेत."

मावशी खुर्चीतून उठल्याच. त्यांना ती तिथे दिसत नव्हती, तरी त्या तिच्याकडे बघून टाळ्या वाजवत होत्या. गॅलरीतून टाळ्या पडल्या. माझ्या शेजारी सेक्रेटरी टाळ्या वाजवत होते, आणि ते खुर्ची सोडून इथवर आले होते हे मला तेव्हा दिसलं.

तेवढ्यात दुसरीकडे भांडण पेटलं. दोन्ही गटांतल्या एकेक अशा दोन मुली एकाच चौकटीत येऊन उभ्या होत्या आणि एकमेकींना ढकलत होत्या. ही म्हणे माझा क्ष पाच, य तीन, ही माझी जागा. ती म्हणे माझाही पाच आणि तीन, मी आधी आले. दोघींनी हिशेब करून दाखवला. दोघी बरोबर. मावशी त्या गोंगाटातून वाट काढत तिथवर गेल्या आणि दोघींना जवळ घेतलं. त्यांचा आवाज आनंदानं चिरकत होता. हेच तर उत्तर, त्या म्हणाल्या, दोन्ही समीकरणांना पटणारी एकच जागा, छेदनबिंदू. इथे भांडायचं नाही, इथे भेटायचं असतं. आणि मग त्यांनी दोघींना बाजूला करून तिथे सेक्रेटरींना उभं केलं. ते पाच आणि तीनवर ताठ उभे राहिले, आणि किती वेळ थांबायचं असं त्यांनी विचारलं. मावशी म्हणाल्या, समीकरण बदलेपर्यंत. त्यानंतर आया उतरल्या, बाप उतरले. मुलं समीकरणं देऊ लागली आणि मोठी माणसं चपला हातात घेऊन उणे चारकडे धावू लागली. माझी बायको तिसऱ्या चरणात हरवली आणि रेणूनं तिला हाताला धरून आरंभबिंदूवर आणून सोडलं. जेवायच्या वेळेपर्यंत कुणी घरी गेलं नाही.

तो हिवाळाभर दर रविवारी हे चाललं. रेणूच्या वार्षिक परीक्षेच्या सकाळी तिनं पोहे मागून खाल्ले. गणितात तिला काही पैकीच्या पैकी मिळाले नाहीत. पण आलेखाचा प्रश्न तिनं सोडवला होता, आणि उणे चिन्हाची चूक करून, स्वतःच शोधून, खोडून पुन्हा सोडवला होता. तो पेपर तिनं मावशींना सगळ्यात आधी नेऊन दाखवला. म्हणजे वाचून दाखवला.

उन्हाळ्यात प्लॉटच्या मालकानं तो विकला. एके सकाळी मशीन आलं आणि सगळे चरण एकत्र खोदले गेले. आता तिथे तळमजल्याच्या खांबांच्या सळ्या वर आल्या आहेत. मावशींची नजरही त्या वर्षात बरीच ओसरली. इंजेक्शनं चालू आहेत. स्कूटरवर त्या अजून बसतात. पूल कुठे सुरू होतो ते त्यांना पोटातल्या हालचालीवरून कळतं म्हणतात, आणि चुकत नाहीत. पण घरात बोलताना त्या आता मध्येच थांबतात आणि समोर कोण आहे याचा अंदाज घेतात, तेव्हा बायको उगाचच भांडं वाजवते किंवा खोकते.

रेणू दहावीत आहे. परवा संध्याकाळी ती आमच्या जेवणाच्या टेबलावर सराव परीक्षेचा पेपर सोडवत बसली होती आणि मावशी समोर. तिनं दोन समीकरणांचा आलेख काढला. काढताना ती पेन इतकं दाबून चालवत होती की मी म्हणणार होतो, कागद फाटेल. आलेख झाल्यावर तिनं कागद उलटा केला, मावशींचं बोट धरलं आणि कागदाच्या पाठीवर ठेवलं. दाबून काढलेली रेघ मागच्या बाजूला उमटली होती, दोऱ्यासारखी. मग त्यांचं बोट त्या रेघेवरून हळूहळू निघालं. मध्ये दुसरी रेघ आडवी आली तिथे थांबलं, दोनदा मागेपुढे झालं. "इथं भेटल्या," त्या म्हणाल्या. रेणू म्हणाली, हो. बोट पुन्हा निघालं. कागद संपला, तरी ते थांबलं नाही; त्याच चढानं ते टेबलाच्या लाकडावरून पुढे जात राहिलं. रेणूनं वाटेतला पाण्याचा गिलास उचलून बाजूला ठेवला.